आधी फोन, मग नाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी डॉक्टर अंबुजाबाईंचं नाव घेतो. आई-वडिलांचं नंतर. वडिलांना हे ठाऊक आहे आणि त्यांना वाईट वाटत नाही. ते म्हणतात, "आम्ही तुज जन्म दिला, तिनं काम दिलं. जन्म असक्यांसच मिळतो." आमच्या तंजावूरकडच्या मराठीत असके म्हणजे सगळे.

अंबुजाबाई नवजात बाळांच्या डॉक्टर. तंजावूरच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी उभा जन्म काढला. बाळाला आणि गरोदर बाईला होणारा जंतुसंसर्ग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गावी, पापनाशमला, वडिलांच्या शिवणाच्या दुकानात. आमचं घराणं शिंप्यांचं. आजूबाजूला सगळी तमिळ. मराठी फक्त घरात आणि शिवणयंत्रावर. मी बी.एस्सी. झालो होतो, घरातला पहिला पदवीधर, आणि वर्षभर काजं-बटणं करत होतो. एक दिवस पिकल्या केसांची, मुलासारखे बारीक केस कापलेली ठेंगणी बाई बसमधून उतरली. तिनं पिशवीतून वॉर्डात घालायचा एक हिरवा झगा काढला आणि तमिळमध्ये म्हणाली, "याच्या बाह्या कापा. कोपराच्या वर चार बोटं. असे साठ झगे आहेत."

वडील माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटले, "धड बाह्या कापायला निघाली. वेडी दिसते."

"वेडीच आहे," ती मराठीत म्हणाली. "पण दोन्ही बाह्या सारख्या कापा हो, अण्णा."

वडिलांनी तोंडातल्या टाचण्या टेबलावर काढून ठेवल्या. बराच वेळ ते मान वर करेनात. मग तिनं कारण सांगितलं. डॉक्टरच्या बाहीची कड एका बाळाला लागते, मग तीच दुसऱ्याला. हात धुता येतात, बाही कोण धुतो? त्यानंतर तिनं मला विचारलं, काय शिकलास. मायक्रोबायोलॉजी, मी म्हटलं.

"मग जंतू सोडून बटणं कां मोजतोस?"

"काम मिळत नाही, मॅडम."

"सोमवारी ये. आणि मराठीत मॅडम नाही. अक्का म्हण."

त्या सोमवारपासून मी त्यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ झालो. आजही आहे.

अक्का माणसाचं तोंड पाहण्याआधी हात पाहत. वॉर्डाच्या दाराशी कोणी आलं की त्यांचा नमस्कार एकच, "हात दाखव." बांगडी नको, अंगठी नको, घड्याळ नको, नख नको. एकदा एक पुढारी नव्या यंत्राचं उद्घाटन करायला आले. मनगटावर पाच देवळांचे पाच दोरे. अक्का म्हणाल्या, "दोरे काढा." ते म्हणाले, "देवाचे आहेत, डॉक्टरम्मा." त्या म्हणाल्या, "मग देवाला घेऊन काचेच्या बाहेर उभे रहा. तिथूनही छान दिसतं." उद्घाटन काचेबाहेरून झालं. त्यांचे स्वतःचे हात धुऊन धुऊन भेगाळलेले असत. प्रयोगशाळेतून निरोप घेतानाही त्या दोन्ही तळवे वर करून दाखवत आणि समोरच्यानंही दाखवावेत अशी त्यांची अपेक्षा असे. आम्हा लोकांत टाटा करण्याची तीच पद्धत पडली होती.

मला देवनागरी त्यांनीच शिकवली. आमच्यात मराठी बोलतात सगळे, वाचत कोणी नाही. "बोलतोस आणि वाचत नाहीस? अर्धा मुका आहेस," असं म्हणून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला बाराखडी गिरवायला लावली. आठवड्याला एक पान मराठी लिहून द्यायचं. ते तांबड्या शाईनं रंगून परत यायचं. मी आज हे लिहितो आहे ते त्या तांबड्या शाईच्या जिवावर.

प्रयोगशाळेचा त्यांचा नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता. त्याची गरज नव्हती. "आधी फोन, मग नाव." बाळाच्या रक्ताचा किंवा कापसाच्या बोळ्यानं पुसून घेतलेला कुठलाही नमुना आपण काचेच्या प्लेटवर लावतो. दुसऱ्या दिवशी तिच्यावर जंतू वाढलेले दिसले की तो कुठला, त्याला कुठलं औषध लागू पडतं, हे कळायला आणखी एक-दोन दिवस जातात. अक्कांना तोवर थांबलेलं चालत नसे. वाढ दिसली की त्याच मिनिटाला फोन, जंतूचं नाव मागाहून. पहिल्याच आठवड्यात मी एक अहवाल नीटनेटका टाइप करून संध्याकाळी नेऊन दिला. त्यांनी तो वाचलाही नाही. "बाळ दुपारी गेलं," त्या म्हणाल्या. "उशिरा आलेला रिपोर्ट म्हणजे श्राद्धाचं आमंत्रण रे. जेवायला कोण येणार आहे?"

तसं त्यांना रागावणं फार जमत नसे. बायकांशी बोलताना तर त्या निराळ्याच होत. बाळंतिणीची पाणमोट फुटल्यावर जितका वेळ जातो तितका पोटातल्या बाळाला जंतू लागायचा धोका वाढतो. म्हणून ती किती वाजता फुटली हे त्यांच्या अभ्यासाला हवं असे. पण खरं कोणी सांगत नसे. घरचे लोक राहुकाळ टळेपर्यंत बाईला घरात बसवून ठेवत आणि मग सासू छातीठोक सांगे, "आत्ताच, डॉक्टरम्मा, रिक्षात बसतानाच." अक्कांनी वेळ विचारणंच सोडून दिलं. त्या बाईच्या खाटेवर बसत आणि हळूच विचारत, "पाणी गेलं तेव्हा घरात काय शिजत होतं?" बाई सांगे, इडलीचं भांडं चढवलं होतं. किंवा, सांबाराला फोडणी देत होते. इडली म्हणजे सकाळचे सात, आणि आत्ता दुपारचे चार. अक्का माझ्याकडे बघत आणि मी वहीत लिहीत, नऊ तास. सासू म्हणे, "हे काय विचारतात?" अक्का म्हणत, "भूक लागलीय हो मला."

त्या वहीतल्या इडल्या-सांबारांवरून किती बाळांना वेळेवर औषध मिळालं, हे मी पाहिलं आहे. आता जे सांगायचं आहे त्याआधी हे सांगून ठेवतो.

अक्कांचं स्वतःचं एक चांदीचं बोंडलं होतं. तमिळमध्ये त्याला पालाडै म्हणतात. वाटीला चोच काढलेली असते, तिनं बाळाच्या ओठांत थेंब थेंब दूध सोडायचं. बाटलीच्या बुचापेक्षा हे उघडं भांडं स्वच्छ ठेवायला सोपं, म्हणून वॉर्डात सगळीकडे स्टीलची बोंडली अक्कांनीच आणली होती. ती रोज उकळण्याचं काम सेल्वी नावाच्या आयाचं. अठरा वर्षं ती तेच करत होती. पण चांदीचं बोंडलं अक्कांचं. चोचीखाली राघू कोरलेला. अक्का आठव्या महिन्यात जन्मल्या होत्या, मूठभर होत्या, आणि त्यांच्या आईनं त्यांना याच बोंडल्यानं जगवलं होतं. अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक बाळाला पहिलं दूध अक्का स्वतः त्यातूनच पाजत. त्या त्याला कोणाला हात लावू देत नसत. आपल्या खोलीत धुवायच्या, पुसायच्या, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून खणात ठेवायच्या.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, कालव्यांना पाणी सुटलं होतं तेव्हा, वॉर्डात एक जंतू शिरला. बारा दिवसांत अपुऱ्या दिवसांची तीन बाळं गेली. तिघांच्या रक्तात एकच जंतू, क्लेब्सिएला. तो कुठून येतो ते कळेना. आम्ही नळ पुसले, साबणाच्या वड्या, फोन, कपाटाच्या किल्ल्या, माझा कोट, सगळ्याचे नमुने लावले. स्टीलच्या एका बोंडल्यावर थोडी वाढ आली. जंतू दुसराच होता, निरुपद्रवी. पण अक्का तीन बाळांनंतर थकल्या होत्या. त्यांनी सगळ्यांसमोर सेल्वीला विचारलं, "उकळतेस की नुसती गरम पाण्यातून काढतेस?"

"उकळते, डॉक्टरम्मा. रोज उकळते."

"मग ही बाळं कोणाच्या हातानं गेली?"

दुसऱ्या दिवसापासून सेल्वीला कपडे धुण्याच्या विभागात पाठवलं.

रविवारी मी माझे कोट द्यायला तिकडे गेलो. सेल्वी चादरींच्या ढिगाशी बसली होती. ती मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत असे. वर न बघता म्हणाली, "तंबी, सगळं तपासलंस. चांदीचं तपासलंस का?"

सोमवारी अक्का फेरीवर असताना मी त्यांच्या खोलीत गेलो, खण उघडला आणि बोंडल्याच्या चोचीतून, राघूच्या कडेनं, नमुना घेतला. मंगळवारी सकाळी साडेआठला प्लेट काढली. ओलसर, चिकट, फुगीर ठिपके. बारा दिवस मी तेच ठिपके पाहत होतो.

फोन टेबलावर होता. मी केला नाही. मनाशी म्हटलं, माझीच चूक झाली असेल, हात लागला असेल. पुन्हा नमुना घेऊ, पूर्ण खात्री करू. तसा तो घेतला. गुरुवारी सकाळी जंतूचं नाव, औषधं, सगळं जुळल्यावर मी अक्कांना फोन केला.

या दोन दिवसांच्या मधे बुधवार होता. मंगळवारी दुपारी पापनाशमजवळच्या एका खेड्यातल्या बाईला सातव्या महिन्यात मुलगा झाला होता. बुधवारी सकाळी मी वॉर्डात नमुने घ्यायला गेलो तेव्हा त्या बाळाची आजी मधात बुडवलेलं बोट घेऊन पुढे सरत होती. आमच्याकडे घरातल्या गुणी माणसानं बाळाच्या जिभेला पहिली गोडी लावायची, म्हणजे बाळ त्याचे गुण घेतं, अशी रीत आहे. अक्कांनी तिचा हात धरला. तमिळमध्ये आजीला पाटी म्हणतात. "पाटी, बोट नको. बोटावर जंतू असतात."

आजी काही कमी नव्हती. अक्कांच्या हातातल्या बोंडल्याकडे बघून म्हणाली, "माझं बोट घाण, आणि तुझी चांदी चोख होय गं? मग सरळ सांग ना, बाळानं तुझे गुण घ्यायला हवेत!"

सगळ्या सिस्टर हसल्या. अक्काही हसल्या, कित्येक दिवसांनी. "घेऊ दे की. डॉक्टर होईल," असं म्हणून त्यांनी चोच बाळाच्या ओठांना लावली.

गुरुवारी फोन झाल्यावर त्या जिना उतरून खाली आल्या. प्लेट उजेडाला धरली.

"कुठला नमुना?"

"तुमचा, अक्का."

"हातांचा?"

"बोंडल्याचा."

त्यांनी बोंडलं मागवलं, भिंग घेतलं, आणि सुईनं राघूच्या खालचा सांधा उकरला. करडं, दह्यासारखं काहीतरी बाहेर आलं. "दूध," त्या म्हणाल्या. "आई हे चुलीवर उकळायची. मी साबणानं धुतलं. उकळलं तर चांदी काळी पडते, सांधा सुटतो, म्हणून." मग म्हणाल्या, "काल त्या बाळाला मीच पाजलं."

त्या तडक वॉर्डात गेल्या. सगळ्यांना बोलावलं, सेल्वीलाही. आणि तमिळमध्ये, मोठ्यानं, म्हणाल्या, "सेल्वी, तुझी भांडी स्वच्छ होती. माझं नव्हतं. मी तुला सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते." सेल्वीनं पदर खोचला. तिला परत वॉर्डात ये म्हटलं तर ती म्हणाली, "नको डॉक्टरम्मा. तिकडे चादरी फाटतात, मरत नाहीत."

त्या बाळाला गुरुवारी सकाळपासूनच औषध सुरू केलं. ते रविवारी गेलं.

वरच्या लोकांनी अक्कांना सांगितलं, घरच्यांशी काही बोलू नका, वाद वाढेल. अक्का बसनं चारही घरी गेल्या. मला म्हणाल्या, "साक्षीला माणूस लागतो. चल." पहिल्या घरी दार तोंडावर बंद झालं. दुसऱ्या घरी बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन कॉफी करून आणली. तिसऱ्या घरी कोणी नव्हतंच. शेजारी म्हणाले, बाई माहेरी गेली, येईलसं वाटत नाही. त्या माहेरीही अक्का पुढच्या आठवड्यात जाऊन आल्या.

चौथं घर त्या आजीचं. आजी भिंतीला टेकून बसली होती. बाळाच्या बापानं फक्त एक विचारलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी सकाळी," अक्का म्हणाल्या.

"म्हणजे बुधवारी पाजताना ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

त्यानं अक्कांकडे नीट पाहिलं. मग मान हलवली. "मग काय बोलणार," तो म्हणाला. मी दाराशी अक्कांची छत्री धरून उभा होतो.

नंतर त्यांनी या सगळ्यावर निबंध लिहिला, डॉक्टरांच्या सभेत वाचायला. एका सहकाऱ्यानं मसुदा पाहून सुचवलं, "दूध पाजण्याचं एक भांडं, एवढं लिहा. पुरे." अक्कांनी लिहिलं, संशोधकाचं स्वतःचं भांडं, जे संशोधकानं तपासू दिलं नव्हतं. मला म्हणाल्या, "कोणाचं ते लिहिलं नाही, तर पुढचा डॉक्टर पुन्हा सेल्वीलाच शोधेल." निबंधात आभार मानताना त्यांनी माझं नाव घातलं. वेळेवर तपास केल्याबद्दल, असं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी स्वतःच्या हातानं एकाही बाळाला दूध पाजलं नाही. बोंडलं मला दिलं. "दर सोमवारी उकळ. काळं होऊ दे." ते प्रयोगशाळेच्या फळीवर आहे. आता राघू ओळखू येत नाही. नवीन विद्यार्थी आले की मी त्यांना ते दाखवतो आणि गोष्ट सांगतो. आजवर सांगितली तेव्हा दोन दिवस गाळून सांगितली.

अक्का आता तंजावूरला पुतणीकडे राहतात. हात कापतात. वर्षातून एकदा त्या पापनाशमला येतात आणि त्या चौथ्या घरी जातात. आजी वारली. त्या जोडप्याला आता एक मुलगी आहे, शाळेत जाते. तिला या बाई कोण ते ठाऊक नाही. ती त्यांना डॉक्टरपाटी म्हणते.

यंदा त्या आल्या त्या रविवारी मी घरीच होतो. परतताना त्यांना बसपर्यंत पोचवायला गेलो. स्टँडवर पेरूवाली होती, अक्कांनी पेरू घेतले, पिशवीत ठेवले, आणि एकदम म्हणाल्या, "पांडुरंगा, त्या बापानं मज विचारलं होतं, कधी कळलं. मी गुरुवार सांगितलं. हल्ली सगळं विसरते. गुरुवारच ना रे?"

बस येऊन उभी राहिली होती. लोक चढत होते.

"हो, अक्का," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. दांडी धरून चढल्या, खिडकीशी बसल्या, रुमालानं हात पुसले. बस हलली तशी त्यांनी दोन्ही तळवे काचेला लावून दाखवले. मीही माझे दाखवले.

त्यानंतर चार दिवसांनी मी त्यांना पत्र पाठवलं. माझ्याजवळ नक्कल आहे. ती खाली देतो.

तीर्थरूप अक्कांस,

पांडुरंगनचा नमस्कार.

रविवारी बसपाशी तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हटलं. ते खोटं होतं.

बोंडल्याचा पहिला नमुना मी सोमवारी घेतला. मंगळवारी सकाळी साडेआठला प्लेटवर वाढ होती. ती कसली, हे मला पाहताक्षणी कळलं. पुन्हा नमुना घ्यायची गरज नव्हती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी घेतला. ज्या बाईनं मला दुकानातून उचलून माणूस केलं तिला हे कोणत्या तोंडानं सांगू, असं वाटलं. त्या वेळी हे मला चांगुलपण वाटत होतं. साडेआठला त्या बाळाचा जन्मही झालेला नव्हता. ते दुपारी जन्मलं. बुधवारी तुम्ही त्याला पाजलंत तेव्हा मी खाटेपासून पाच पावलांवर उभा होतो. आजीनं थट्टा केली तेव्हा सगळे हसले. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. चोच अजून ओठांना लागली नव्हती.

तुम्ही चार बाळांची नावं घेता. तीन घ्या. चौथं तुमचं नाही.

निबंधात माझ्या नावापुढे तुम्ही "वेळेवर" असं लिहिलं आहे. तो शब्द खोडायला हवा. कुठे लिहून कळवायचं ते मला ठाऊक नाही, तुम्ही सांगा. सेल्वीला मी कालच सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरम्मांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, तू एकटाच का आलास?

येत्या रविवारी मी त्या घरी जाणार आहे. त्या बापाला सांगणार आहे की मंगळवारी कळलं होतं, आणि कोणाला. तुम्ही म्हणाला होतात, साक्षीला माणूस लागतो. याल तर सकाळच्या बसनं या, मी स्टँडवर असेन. नाही आलात तरी मी जाईन.

उशिरा आलेल्या रिपोर्टला तुम्ही काय म्हणता ते मी विसरलेलो नाही. हा तसाच आहे. फोन करणार होतो. नंबर लावलाही होता. पण फोनवर तुम्ही मध्येच "असू दे रे" म्हटलं असतं, आणि मी थांबलो असतो.

तुमचा,
पांडुरंगन